‘दोनच तर वायरी आहेत!’

व्हॅक्यूम क्लीनरच्या पाइपातून पुढच्या ब्रशपर्यंत वीज न्यायची आहे आणि पाइप तर हातात सारखा गोल फिरतो, मग हा सांधा करायचा कसा, असं कुणी विचारलं की सल्ले देणाऱ्यांची रीघ लागते. एक म्हणतो, हेडफोनचा जॅक बसव, तो आतल्या आत फिरतोच की. दुसरा लॅपटॉपच्या चार्जरची गोल पिन सुचवतो. तिसऱ्याने कुठेतरी बोटाएवढी स्लिप रिंग, म्हणजे फिरत्या कड्यावर संपर्क टेकवून वीज पुढे नेणारा जोड, विकायला ठेवलेली पाहिली असते. चौथा या सगळ्यांच्या वरताण : वायर हातभर सैल सोड, विषय संपला. सूर मात्र चौघांचा एकच. दोनच तर वायरी आहेत, त्यात डिझाइन कसलं करायचं?

हा सूर हौशी मंडळींपुरता असता तर कौतुकाने ऐकून सोडून देता आला असता. पण तो कॉलेजच्या प्रोजेक्टमध्ये असतो, छोट्या कारखान्यात असतो आणि जिथे डब्याचा रंग, चाकांचा आवाज, झाकणाची क्लिक यांवर बैठकांमागून बैठका झडतात तिथेही असतो. वीज जाणारा फिरता सांधा शेवटी उरलेल्या जागेत आणि उरलेल्या पैशात बसवायचा, असं जणू ठरलेलंच. त्यात २०१२ मध्ये एका इंग्रजी पुस्तकाने जुगाडाला मॅनेजमेंटच्या वर्गात मानाचं पान वाढलं. तेव्हापासून या ढिलाईला तत्त्वज्ञानाचाही टेकू मिळाला आहे.

त्यांची बाजू सांगायची तर पूर्ण ताकदीने सांगावी. पाइप काही पंख्यासारखा फिरत नाही. मिनिटभरात फार तर चार-दोन फेऱ्या. पुढच्या मोटरला लागून लागून किती वीज लागणार, शे-दीडशे वॅट. वापरणारा माणूस यंत्राजवळ उभा असतो, बिघडलं तर बंद करील. रडारच्या अँटेनाला किंवा पवनचक्कीच्या पात्यांना जी काळजी लागते ती घर झाडायच्या यंत्राला कशाला? हे सगळं ऐकायला बिनतोड आहे. वेग कमी हे खरं, वीज थोडी हेही खरं. चुकतो तो फक्त निष्कर्ष.

काहींचा आक्षेप तर आणखी मागे जातो. ब्रशला मोटर हवीच कशाला? ओढ वाढवा, काम होईल. या मंडळींनी यंत्राचा इतिहास एकदा चाळायला हरकत नाही. अमेरिकेत ओहायोमधल्या कँटन गावी जेम्स मरे स्पँगलर नावाचा झाडलोट करणारा माणूस होता. धुळीने त्याला दम्याचा त्रास व्हायचा. पंख्याची मोटर आणि उशीचा अभ्रा वापरून त्याने यंत्र जुळवलं आणि १९०८ मध्ये त्याला पेटंट मिळालं. त्या पहिल्या यंत्रातही फिरता ब्रश होताच. गालिच्याच्या लवीत रुतलेली वाळू आणि केस नुसत्या हवेने वर येत नाहीत, त्यांना आधी झटकावं लागतं, हे त्या झाडूवाल्याला कळलं होतं. हेच पेटंट पुढे हूवरने घेतलं. उभ्या यंत्रात मोटर आणि ब्रश एकाच धडावर असल्याने सांध्याचा प्रश्नच नव्हता. मग १९२१ मध्ये इलेक्ट्रोलक्सने ‘मॉडेल व्ही’ आणलं : यंत्र जमिनीवर घसरत मागून येणार, हातात फक्त नळी. वापरणाऱ्याच्या हातावरचं ओझं गेलं, पण ब्रशजवळची मोटरही गेली. ती परत द्यायची तर नळीतूनच वीज न्यावी लागणार, आणि नळी फिरणार. इथे आपला प्रश्न जन्माला आला.

ओढ वाढवून काम भागतं या समजुतीला युरोपीय संघाने नियमानेच चाप लावला. सप्टेंबर २०१४ पासून १६०० वॅटची मर्यादा आली आणि सप्टेंबर २०१७ पासून ९०० वॅटची. वॅट कमी करूनही गालिचा साफ व्हायचा असेल तर झटकण्याचं काम ब्रशलाच करावं लागतं.

मग हवेवर फिरणारा टर्बो ब्रश लावा, वायरीच नकोत! हा पर्याय बाजारात आहे, स्वस्त आहे आणि सोफ्यावर चालतोही. पण त्याचा चक्रपंखा त्याच हवेवर फिरतो जिने धूळ ओढायची आहे. दाट लवीत ब्रश अडला की हवेची वाट तुंबते, हवा तुंबली की पंखा मंदावतो. पिशवी भरत आली, फिल्टर कोंदला, की पुन्हा तेच. ज्या क्षणी ताकद हवी त्याच क्षणी ती पळून जाते, अशा ब्रशला विजेच्या ब्रशचा पर्याय म्हणणाऱ्यांनी तो कधी जाड गालिच्यावर चालवून पाहिला आहे का?

‘आपल्याकडे गालिचे कुठे आहेत?’ हा खास देशी आक्षेप. फोर्ब्ज आणि इलेक्ट्रोलक्स यांनी मिळून १९८२ मध्ये युरेका फोर्ब्ज काढली, तिचे टायवाले विक्रेते मुंबई-पुण्याच्या दारोदार युरोक्लीन दाखवत फिरले, तेव्हाही घरांत मोझॅकच्या फरश्याच होत्या. पण आता चित्र बदललं आहे. विनावायरीच्या उभ्या यंत्रांत गुळगुळीत फरशीसाठी मऊ कापडी रोलर असतो आणि तोही मोटरवर फिरतो. गादीसाठीच्या छोट्या ब्रशला मोटर असते. पुढे एलईडी दिवे आले. फरशी असो वा गालिचा, वीज आता पार टोकापर्यंत जातेच.

आता सैल वायरीकडे. ही सूचना करणारा दोन वेगळ्या गोष्टी एक करतो. ब्रशच्या मानेचा जो कोपर असतो तो खाली-वर, डावी-उजवीकडे ठरावीक अंशांत वळतो आणि थांबतो. तिथे बारीक तारांची लवचीक वायर, नीट आधार देऊन, पुरते. एवढं मान्य. पण नळीला थांबा नसतो. यंत्र खोलीच्या मधोमध, नळी वरच्या बाजूने निघालेली, आणि माणूस यंत्राभोवती एकाच दिशेने सफाई करत फिरतो : प्रत्येक प्रदक्षिणेला नळीत पूर्ण एक पीळ पडतो. जुन्या टेलिफोनच्या रिसीव्हरची गुंडाळी वायर आठवावी. कुणीही मुद्दाम न पिळता ती पिळलेलीच असायची, म्हणून तिच्यासाठी फिरते जोड विकायला आले. मोटारीच्या स्टिअरिंगमध्ये एअरबॅगसाठी जी चपटी गुंडाळलेली पट्टी असते, मेकॅनिक जिला क्लॉक स्प्रिंग म्हणतात, ती चालते कारण स्टिअरिंग ठरावीक फेऱ्यांनंतर अडतं. नळी अडत नाही. ती अडवली तर पीळ नळीच्या प्लॅस्टिकमध्ये जातो, आणि सैल सोडलेली वायर नेमकी सोल्डरच्या डागाजवळ, आवरणाच्या आत तुटते. बाहेरून सगळं शाबूत. ब्रश मध्येच चालतो, मध्येच बंद. दुरुस्तीवाला नळी हलवून हलवून बेजार.

हे कष्ट फक्त घरगुती यंत्रांच्याच वाट्याला आले असंही नाही. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंत सीटी स्कॅनच्या यंत्रातली फिरती चौकट वायरींना बांधलेली असायची. एक फेरी, थांबा, उलटी फेरी, पुन्हा थांबा. स्लिप रिंग बसली आणि चौकट सलग फिरू लागली. त्यातूनच १९८९ च्या सुमारास स्पायरल सीटी शक्य झाली. तिथे कुणी वायर थोडी आणखी सैल सोडण्याचा सल्ला दिला नाही, हे रुग्णांचं नशीब.

जॅकची गंमत मात्र तब्येतीत पाहण्यासारखी आहे. हा जोड एकोणिसाव्या शतकात टेलिफोन एक्स्चेंजमधल्या ऑपरेटरांसाठी जन्मला. पटकन घालायचा, पटकन काढायचा, आणि त्यातून जाणार काय, तर बोलण्याचा क्षीण विद्युत्प्रवाह. तो गोल आहे म्हणून फिरतो. फिरण्यासाठी बनवलेला नाही. आतला संपर्क म्हणजे पत्र्याची एक वाकडी पट्टी, जी पिनेला एका बिंदूवर टेकते. वरचा मुलामा काही मायक्रोमीटर जाडीचा. तो झिजला की खालचा धातू उघडा पडतो, गंजतो, आणि रेझिस्टन्स वाढतो. शिवाय जॅक आत सरकताना त्याचं टोक दुसऱ्या ध्रुवाच्या पट्टीला घासत जातं, म्हणजे चालू विजेवर क्षणभर शॉर्ट. गाण्यात त्याची ‘खर्र’ ऐकू येते. मोटरच्या लाइनवर काय होईल?

आणि फेऱ्या कमी म्हणून झीजही कमी, हा हिशेबच उलटा आहे. संपर्क सलग फिरत असेल तर तो स्वतःची वाट घासून स्वच्छ ठेवतो. पाइप सलग फिरत नाही; तो हाताच्या प्रत्येक हेलकाव्याला दोन-चार अंश पुढे, दोन-चार अंश मागे होतो. एकाच जागी अशी बारीक घासाघीस झाली की धातूचा भुगा निघतो, त्याचं ऑक्साइड बनतं आणि ते संपर्काच्या मधोमध अडकून बसतं. गाड्यांच्या वायरिंगच्या जोडांना याच आजाराने ग्रासलेलं असतं, आणि ते जोड तर फिरतही नाहीत, नुसते थरथरतात. मंद गती ही इथे सवलत नव्हे, तोच तर त्रास आहे.

मग पिनवाल्यांचा हुकमी एक्का येतो : व्होल्टेज कमी ठेवा ना! २४ व्होल्टला कोण घाबरतं? शॉकच्या बाबतीत ते बरोबर आहेत. आंतरराष्ट्रीय मानकात ४२ व्होल्टपर्यंतच्या नीट विलग केलेल्या पुरवठ्याला सुरक्षित म्हटलं आहे. पण सांध्याला शॉक लागत नाही, सांधा तापतो. १२० वॅटचा ब्रश २३० व्होल्टवर जेमतेम अर्धा अँपिअर घेतो. तोच २४ व्होल्टवर ५ अँपिअर घेतो. झिजलेल्या संपर्काचा रेझिस्टन्स ०.२ ओहम धरला तर २३० व्होल्टच्या सांध्यात जेमतेम एका वॅटच्या विसाव्या भागाइतकी उष्णता होईल. २४ व्होल्टच्या सांध्यात सरळ ५ वॅट. हरभऱ्याएवढ्या जागेत, प्लॅस्टिकच्या कुशीत, पाच वॅट! प्लॅस्टिक मऊ होतं, स्प्रिंगचा दाब ढिला पडतो, रेझिस्टन्स आणखी वाढतो, उष्णता आणखी वाढते. आता ब्रशमध्ये पायपुसण्याची झालर किंवा मोजा अडकला असं धरा. अडकलेली मोटर नेहमीच्या कित्येक पट प्रवाह ओढते, आणि ओव्हरलोड ट्रिप होईपर्यंत तो सगळा त्याच ठिपक्याएवढ्या संपर्कातून जातो.

कमी व्होल्टेजने आणखी एक पेच पडतो. रिंगेवर टेकणाऱ्या साध्या कार्बन ब्रशवर संपर्कातच साधारण एक व्होल्ट गळतो. जाताना एक, येताना एक. २३० मधून दोन गेले तर कुणाला पत्ता लागत नाही. २४ मधून दोन गेले तर बारावा हिस्सा गेला. म्हणूनच मोटारीच्या १२ व्होल्टच्या स्टार्टरमध्ये साधा कार्बन नसतो, तांब्याची पूड मिसळलेला ब्रश असतो. गॅरेजमधल्या पोऱ्यालाही जुना-नवा ब्रश रंगावरून ओळखता येतो. विजेचा प्रवाह, व्होल्टेज आणि संपर्काचा मसाला ही तिन्ही एकत्रच ठरवावी लागतात, हे त्याच्या उस्तादाने त्याला केव्हाच शिकवलेलं असतं.

मसाला म्हणजे केवढी नाजूक गोष्ट, याचा धडा दुसऱ्या महायुद्धाने दिला. फार उंचावरून उडणाऱ्या विमानांच्या जनरेटरमधले कार्बन ब्रश, जे जमिनीवर महिनोन्‌महिने टिकत, ते काही तासांत झिजून भुकटी होऊ लागले. कारण निघालं ते हवेतल्या ओलाव्याचं. ग्राफाइट निसरडं राहतं ते त्यावर बसणाऱ्या पाण्याच्या वाफेच्या थरामुळे. उंचावरच्या कोरड्या हवेत तो थरच नव्हता. ब्रश, रिंग, स्प्रिंग सगळं तेच, फक्त हवा बदलली. आणि व्हॅक्यूम क्लीनरचा सांधा कोणत्या हवेत राहतो? धूळ, केस, सिमेंटची भुकटी, सांडलेली टाल्कम पावडर अशा हवेत.

यावर तयार स्लिप रिंगवाले म्हणतील, आम्ही तर खरीच स्लिप रिंग सांगतोय. सांगतात, पण कोणती? बाजारात सहज मिळणारी बोटाएवढी कॅप्सूल कॅमेरे फिरवण्यासाठी असते, एकेका वाटेला दोनेक अँपिअर सोसणारी. दोन वाटा जोडून चार अँपिअर नेऊ, हा पुढचा शोध. पण दोन संपर्कांचा रेझिस्टन्स कधीच सारखा नसतो, तेव्हा जास्तीचा भार चांगल्या वाटेवर पडतो आणि आधी तीच जाते. मुख्य म्हणजे ही कॅप्सूल भरीव असते. नळीच्या मधून तर हवा जायची आहे! सुमारे ३५ मिलिमीटरची वाट मोकळी सोडून तिच्याभोवती रिंग बसवायची, धुळीपासून ती झाकायची, हवा गळू द्यायची नाही, आणि दोन रिंगांमध्ये एवढं अंतर ठेवायचं की कार्बन ब्रशची काळी पूड साचून एका रिंगेवरून दुसरीवर वाट तयार होणार नाही. कॅप्सूल विकत आणून यातलं नेमकं काय सुटतं?

साखर कारखान्यात किंवा गोदीतल्या क्रेनवर स्लिप रिंग मोटर सांभाळणाऱ्या वायरमनला विचारा. झाकण उघडून काळी पूड उडवायची, ब्रश किती उरला पाहायचं, स्प्रिंगचा दाब बोटाने जोखायचा, रिंगेवरची चमक तपासायची, हे त्याचं नेहमीचं काम. घरातल्या यंत्राला असा वायरमन मिळत नाही. तिथे जन्मभर कुणी झाकण उघडणार नाही हे गृहीत धरूनच सांधा बनवावा लागतो. म्हणजे घरगुती म्हणून काम सोपं होत नाही, अवघड होतं.

उरलेल्या कल्पना झटपट आवरू. पाऱ्यात बुडालेला फिरता संपर्क विजेच्या दृष्टीने झकास असतो. पण मुलं रांगतात त्या जमिनीवर आपटणाऱ्या वस्तूत पारा घालायचा, तोही मिनामाता करार २०१७ मध्ये अमलात आल्यानंतर? बिनसंपर्काची वीज? व्हीसीआरच्या फिरत्या डोक्यातून चित्राचा संकेत फिरत्या ट्रान्सफॉर्मरनेच बाहेर यायचा. पण तो निव्वळ संकेत होता. शंभर वॅट तसे न्यायचे तर फेराइट, तांबं, दोन्हीकडे इलेक्ट्रॉनिक्स, आणि हे सगळं मनगटाला पेलायचं. ब्रशमध्येच बॅटरी? सोफ्याखाली सरकणाऱ्या चपट्या डोक्यात वजन वाढवून आणि आणखी एक चार्जर गळ्यात बांधून घेऊन एक सांधा वाचवायचा. ज्याला हे स्वस्त वाटतं त्याने खुशाल करावं.

जॅकवाल्यांना जी गोष्ट सुचतही नाही ती तर अजून राहिलीच. मधला दांडा काढून कोपऱ्यात फटीचं तोंड लावलं की नळीच्या टोकाला विजेचा जोड उघडा पडतो. ज्या बाजूने वीज येते तिथे बाहेर डोकावणारी पिन असता कामा नये. खोबण असली पाहिजे, तीही बोट पोचणार नाही इतकी आत. चाचणीत यासाठी माणसाच्या बोटाच्या मापाचा, सांधे असलेला धातूचा दांडा वापरतात. वीज नेणाऱ्या नळीसाठी आयईसी ६०३३५ या मानकाच्या व्हॅक्यूम क्लीनरवरच्या भागात वेगळ्या कसोट्याच आहेत : चेंगरणं, घासणं, वाकवणं, पिळणं, थंडीत तडकणं. आपलं आयएस ३०२ हे त्याच मूळ मानकाच्या घराण्यातलं. एवढी उस्तवार दोन वायरींसाठी करणारे लोक काय रिकामटेकडे होते?

तेव्हा हा सांधा वायरिंगच्या खात्यात टाकणं बंद करायला हवं. तो यंत्राचा एक भाग आहे, मोटरइतकाच, आणि डब्याचा आकार ठरण्याआधी त्याची जागा कागदावर पडली पाहिजे. माणूस नळीला धरून अख्खं यंत्र ओढतो. तोंड बंद झालं की २० किलोपास्कलच्या ओढीने त्याच नळीवर सुमारे दोन किलो वजनाचा जोर येतो. हा सगळा भार फिरत्या कॉलरने घ्यायचा, संपर्काने त्यातला गुंजभरही नाही. संपर्काला फक्त स्प्रिंगचा ठरलेला दाब. प्रत्येक ध्रुवाला एक नव्हे, समोरासमोर दोन कार्बन ब्रश, म्हणजे हिसक्याने एक उचलला गेला तरी दुसरा टेकलेला राहील. रिंग हवेच्या वाटेबाहेर, झाकलेली, मधे उंच कड. हँडलवर बटण असेल तर तिसरी रिंग पहिल्या दिवसापासून मोजलेली. सभोवतालचं प्लॅस्टिक तापलेल्या तारेच्या चाचणीत न पेटणारं.

आणि हे सगळं ऐकूनही ज्याला आपल्या जॅकवर भरवसा आहे, त्याने तो नळीत बसवून बारीक धूळ सोडत हाताच्या हेलकाव्याइतकं पुढे-मागे हजारो वेळा हलवणाऱ्या मशीनवर लावावा, मधूनमधून ब्रश अडकवून मोटर थांबवावी, दर टप्प्याला रेझिस्टन्स आणि तापमान मोजून लिहावं. मग तो कागद घेऊन बैठकीला यावं.